अण्णांच्या बोर्डिंगातला प्रवेश

आमच्या बोर्डिंगची चार जुनी पोरं रंकाळ्यावर जमली की भेळ संपते, पण अण्णांचे किस्से काही संपत नाहीत! बोर्डिंग म्हणजे कॉलेजच्या पोरांसाठी जैन समाजानं चालवलेलं वसतिगृह, आणि अण्णा तिथले रेक्टर. धनगर, बौद्ध, लिंगायत, कुणीही या. अण्णा घेणार!

मी मुरगूडचा. मुलाखतीला गेलतो तेव्हा ऐटीत मार्कलिस्ट पुढं केली. अण्णांनी बघितलीसुद्धा नाही.

"त्ये कॉलेजला दाव. घोरतोस का, ते सांग!"

एका जातीची दोघं एका खोलीत ठेवायची नाहीत, हा त्यांचा हट्ट. माझा पार्टनर चंदगडचा महेश, त्याची बोली निम्मी कोकणी. पहिल्याच आठवड्यात मी तक्रार केली, "अण्णा, ह्याचं बोलणं कळत न्हाय, खोली बदला."

"इंजिनिअरिंग तरी कळतंय व्हय रं तुला? ऱ्हा की वरीसभर!"

राहिलो. आज तोच महेश माझ्या पोरीचा मामा म्हणून मिरवतो.

मग आला आजऱ्याचा इम्रान. वडील काजूच्या कारखान्यात कामाला. इंजिनिअरिंगला सीट मिळालेली, पण कॉलेजचं हॉस्टेल फुल्ल आणि बाहेरची खोली परवडेना. आमच्याकडं जागा मिळाली नाही, तर सीट सोडून गावी जायचं! अण्णांनी त्याला कॉट दिली आणि बोर्डिंगचे चेअरमन भडकले.

"दिवस मावळल्यावर आपल्यात शेगडी पेटत न्हाय. रमजानात ह्याचा उपास तवाच सुटणार. एकदा जरी नियम मोडला, तर पोरगं भाईर!"

"चालतंय की!" अण्णा म्हणाले.

रमजान लागला आणि एका संध्याकाळी, दिवस मावळल्यावर, चेअरमन न सांगता हजर! आमची पाचावर धारण. ते थेट स्वयंपाकघरात गेले, शेगडीवर हात ठेवला. गार! व्हरांड्यात इम्रान खजूर खाऊन, दिवसाउजेडीच रांधून झाकून ठेवलेली आमटी-भाकरी खात होता. चेअरमननी वाटीला हात लावला.

"असली गार आमटी खातंय पोरगं?"

"नियम हाय न्हवं!" अण्णा म्हणाले.

चेअरमन तडक गाडीत बसून निघून गेले. अण्णांचं बोलणं त्यांना झोंबलं, आता इम्रानची सीट गेली, असंच आम्ही धरून चाललो. बिचाऱ्याला रात्री झोप नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गेटवर त्यांची गाडी. चेअरमन उतरले. हातात स्टीलचा भला मोठा डबा, झाकण उघडलं तर वाफा!

अण्णाच गडबडले. "अवो चेअरमन, आणि नियम?"

"नियम शेगडीला हाय, डब्याला न्हाय! बस रं पोरा, गरम हाय तवर खा."