दृढीकरणाच्या दिवशीचा ताप

भिवंडीत शुक्रवारी यंत्रमाग बंद असत. एरवी गल्लीत एवढी खटखट, की शेजाऱ्याला काही सांगायचं तर त्याच्या दारापर्यंत जावं लागे. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, आणि मग कावळे, नळाचं पाणी, कुणाच्या तरी घरातलं भांडण, असं सगळं ऐकू यायचं. आमची उपासना म्हणून शुक्रवारीच भरायची. दुपारची नमाज सुटून गर्दी पांगली की आम्ही मावशींच्या खोलीत जमायचो.

मावशी नात्यातल्या नव्हेत. मूळच्या जवळच्याच कोन गावच्या. एका कारखान्यात मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या. नवराबायकोंनी तरुणपणीच येशूला मानलं होतं. त्यावरून माहेर तुटलं, पुढे सावकाश जोडलंही गेलं. मी, बायको आणि लहान मुलगी माझ्या शाळेतल्या नोकरीमुळे भिवंडीत आलो, तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. जवळ आमचं चर्च नव्हतं. पाळकसाहेब कल्याणहून महिन्यातून एकदा येत, बाकीच्या वेळी आमचे आम्ही. गाणी मराठीत, प्रार्थना हिंदीत, आणि मागांवरच्या तेलुगू कारागिरांना गहिवरून आलं की त्यांच्या भाषेत. पेटी नव्हती. पिठाच्या डब्यावर ताल धरायचो. मी नगरकडच्या दगडी चर्चमध्ये वाढलेला माणूस. मला हे सगळं फार आवडायचं, आणि त्याची लाजही वाटायची. लाज वाटायची हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी मुलांची पाळी असे. मागच्या शुक्रवारी ऐकलेली गोष्ट एका मुलाने आपल्या शब्दांत सांगायची. मावशींचा नियम होता, "पोरगं बोलतंय तवर मोठ्यांनी मधी बोलायचं न्हाय." माझ्या मुलीने एकदा हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. तिचं मेंढरू कशेळीच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये हरवलं होतं. मेंढपाळाने बाकीची मेंढरं टेम्पोत बसवली आणि तो प्रत्येक ट्रकखाली वाकून बघत गेला. सापडल्यावर तो रागावला नाही, आधी पाणी दिलं.

एका कारागिराला राहवलं नाही. "बेटा, टेम्पो का भाडा किसने दिया?"

तिने जरा विचार केला. "येशूने."

खोली हसण्याने भरून गेली. मीही हसलो. घरी जाताना मात्र तिला म्हणालो, "बायबलमध्ये टेम्पो नाही. लिहिलंय तेवढंच सांगायचं." ती मान खाली घालून चालत राहिली. त्यानंतर तिची पाळी आली की ती पाठ केलेलं घडाघडा म्हणून मोकळी व्हायची.

मंडळी वाढली तसं मला सेक्रेटरी केलं. मी मनापासून कामाला लागलो. प्रभूचा दिवस रविवार, तर उपासनाही रविवारी सकाळीच हवी, असा आग्रह धरला. एका शाळेचा हॉल मिळवला, खुर्च्यांच्या रांगा लावल्या, पेटी आणली. कारागीर म्हणाले, "सर, संडे को ड्युटी रहती है."

"देवासाठी एक शिफ्ट सोडता येत नाही?" मी म्हणालो. माझा रविवार भरपगारी सुट्टीचा होता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

ते हळूहळू यायचे थांबले. मावशी यायच्या, कुणाशी तरी पाळी बदलून, अर्धी उपासना झाल्यावर. हॉलमध्ये आम्ही नोकरदार उरलो. मुलांचा वर्ग मी घेऊ लागलो, छापील प्रश्नोत्तरांच्या पुस्तकावरून. मुलं उत्तरं बिनचूक देत. मला वाटे, विश्वास पुढच्या पिढीत असाच जातो. नीट, क्रमाने, काही न सांडता.

मुलगी नववीत गेली त्या वर्षी तिचं दृढीकरण ठरलं. लहानपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी मुलाच्या वतीने दिलेला शब्द, मोठं झाल्यावर मुलाने मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने द्यायचा, तो हा विधी. पाळकसाहेबांनी आधी सगळ्या मुलांना एकेक प्रश्न विचारला. हिला विचारलं, "तुला दृढीकरण का घ्यायचंय?"

"पप्पा सेक्रेटरी आहेत म्हणून."

सगळे मोठ्याने हसले. पाळकसाहेबही. तिने विनोद केला नव्हता, हे मला कळलं.

आदल्या दिवशी पांढरा ड्रेस इस्त्री होऊन खुंटीला लागला होता. ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "पप्पा, मी उद्या येत नाही. मला 'मी विश्वास धरते' असं म्हणायला लावू नका. मला माहीत नाही मी धरते की नाही."

मी ओरडलो नाही. कारण विचारायला हवं होतं, तेही विचारलं नाही. कारण ऐकलं तर काहीतरी करावं लागेल, याची भीती वाटली. बायको म्हणाली, "बळजबरी करू नका." मी केली नाही. त्याऐवजी सकाळी हॉलमध्ये जाऊन सांगितलं, "तिला ताप आहे."

पाळकसाहेबांनी लगेच सगळ्यांना गुडघे टेकायला लावले आणि तिच्या तापासाठी प्रार्थना केली. डॉक्टरांच्या हातासाठी, औषधासाठी, घरच्यांच्या धीरासाठी. मी डोळे मिटून 'आमेन' म्हणालो, आणि इतरांपेक्षा जरा मोठ्याने म्हणालो.

दुपारी मावशी डब्यात तांदळाची पेज घेऊन दारात. दार मुलीनेच उघडलं, हातात अर्धा खाल्लेला वडापाव.

"काय गं? ताप उतरला?"

"नव्हताच. मला शब्द द्यायचा नव्हता म्हणून आले नाही."

मावशी आत आल्या, पंख्याखाली बसल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "भाऊ, मंग आम्ही सकाळी कुणासाठी गुडघं टेकलं?"

मावशी मुलीकडे वळल्या. "न्हाय वाटत तर न्हाय म्हनायचं. त्यात काय हाय? देव का हजेरी घेतोय?" मग डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "घ्या, तुम्हीच प्या. दृढीकरण बी तुमचंच करायला पायजे होतं."

मुलगी खुदकन हसली. मी पेज प्यालो. पुढच्या रविवारी उठून खरं सांगेन असं ठरवलं, आणि सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात पाळकसाहेबांनी विचारलं, "आता बरी आहे ना?" मी म्हणालो, "हो, अशक्तपणा आहे." तो अशक्तपणा पुढे दहावीच्या अभ्यासात बदलला, मग कॉलेजात, मग ती पुण्याला गेली. विचारणारे थांबले. पुढे मावशी वारल्या, तोवर त्यांनी ही गोष्ट कुणाकडे काढली नव्हती.

अलीकडे मंडळीच्या बैठकीत विषय निघाला, तरुण मुलं का येत नाहीत. मोबाइल, कॉलेज, वाईट संगत, एकेक कारण पुढे येत होतं. मी उभा राहिलो आणि तापाचं सगळं सांगितलं. कारागिरांना रविवार दाखवून मीच बाहेर ठेवलं, तेही सांगितलं. एकजण हळूच म्हणाला, "सर, हे आता कशाला?"

त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला. झालं ते सांगितलं. मग मी तो प्रश्न विचारला, जो दृढीकरणाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात विचारायचा राहिला होता. "तुला काय पटत नव्हतं?"

"समोरच्या घरातल्या दादी," ती म्हणाली. "रोज पाच वेळा नमाज पढायच्या. शाळेतून आले आणि घरी कुणी नसलं की मला जेवायला घालायच्या. त्या नरकात जाणार असं वर्गात शिकवलं होतं. तेच खरं मानून उभं राहायचं मला जमलं नसतं."

तो वर्ग मी घेतला होता.

"पप्पा, तुम्हाला खरंच तसं वाटायचं?"

"नाही. मला माहीत नव्हतं. पुस्तकात उत्तर होतं, ते मी वाचलं."

"आणि आता?"

"आताही माहीत नाही. पण देव त्या दादींपेक्षा कोत्या मनाचा असेल, असं मला म्हणवत नाही. एवढंच आहे माझ्याकडे."

पलीकडून काही आवाज आला नाही. फोन कट झाला असं वाटून मी "हॅलो, हॅलो" करू लागलो.

"आहे, आहे," ती म्हणाली. "थांबा, चार्जर लावते."