खंडेनवमीचा सर्व्हर

झेंडूचा वास आला की हिंजवडीतली ती खंडेनवमी आठवते. पूजा झाली, हार घातलेले कॉम्प्युटर बंद करून सगळे कंपनीच्या बसकडे पळाले. मुख्य सर्व्हर मात्र चालूच होता. इतक्या वर्षांच्या डागडुजीनंतर तो बंद केला तर पुन्हा सुरू होईल याची कोणालाच खात्री नव्हती, आणि त्याच्या खोडी फक्त मला माहीत होत्या. "साहेब, आज शस्त्रांना विश्रांती असते ना?" मी विचारलं. "शस्त्रांना असते. तुम्ही बसा," म्हणत त्यांनी सर्व्हरला कुंकू लावलं आणि बोटावर उरलेलं माझ्या कपाळाला पुसलं. त्या गार, बिनखिडकीच्या खोलीत मी दिवसभर त्याच्या पंख्याची घरघर ऐकत बसलो. तो सर्व्हर केव्हाच भंगारात गेला. पण अजूनही वीज जाऊन घरातला पंखा थांबला, की मी ताडकन उठून उभा राहतो.