बसक्या गाडीतलं लिंबू

परवा राहात्याला माझ्या भाचीची पाठवणी होती. नवरदेवाच्या उंच, काळ्या काचांच्या एसयूव्हीच्या चाकाखाली नारळ फुटला, तापलेल्या डांबरावर पाणी उडालं, आणि त्या वासासरशी मी तीस वर्षं मागे, माझ्याच पाठवणीत जाऊन बसले.

आमची गाडी म्हणजे भाड्याची पांढरी अँबॅसिडर. बॉनेटवर चिकटवलेला झेंडू, आत रेक्झिनचा आणि डिझेलचा वास. गाडी बसकी, त्यामुळे आप्पा जरासे वाकले तर त्यांचं डोकं खिडकीतून थेट माझ्या खांद्याशी आलं. बांधावरच्या झाडाचं लिंबू त्यांनी माझ्या मुठीत कोंबलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, “पोरीला गाडी लागती हो. काच उघडी राहू द्या.”

शेजारी नवरा, पुढच्या सीटवर सासरे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आप्पा, बास ना आता,” मी पुटपुटले. त्यांनी टोपी सावरत डोकं बाहेर काढलं. कोपरगाव येईपर्यंत मी ते लिंबू पदराआड धरून हुंगत होते.

आप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तसल्या बसक्या गाड्या तर लग्नात दिसतच नाहीत.

परवा माझा भाऊ टाचा उंचावून लेकीच्या काचेवर टकटक करत होता. आत एसी, मोठ्यानं गाणी. तिला ऐकू गेलं नसावं. गाडी निघून गेली.

भाऊ माझ्याजवळ आला. त्याच्या मुठीत लिंबू तसंच होतं.

“हिलाबी तुझ्यासारखीच गाडी लागती, ताई.”