कोरीनचे चाळीस तास

कोरीन थिबोडोची आई म्हणायची, "देवानं हिला हात दिले ते दुसऱ्यांच्या कामात खुपसायला." खोटं नव्हतं ते. कुणाची बटणं अडली की ही पुढे, कुणाचा चमचा थरथरला की ही पुढे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गावात कागदाची गिरणी बंद पडल्यावर काम उरलं होतं ते वृद्धाश्रमात, आणि तिथं ती बारा वर्षं म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालत होती. चौतिसाव्या वर्षी तिच्या मनानं घेतलं, ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायचं. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला मोजे चढवायला, अंडं तळायला नव्यानं शिकवायचं. रखडत रखडत पदवी झाली, थेरपीच्या कॉलेजनं जागाही दिली. अट एकच: थेरपिस्टचं काम चाळीस तास नुसतं बघायचं, तिची सही आणायची आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा.

आश्रमातल्या थेरपिस्ट लॉरेन पेल्कीबाई. बोलणं तोलूनमापून. "हात खिशात ठेवायचे," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "जीव तुटला तरी बाहेर काढायचे नाहीत. तू मदत केलीस तर मला त्याचं खरं काय ते कळणार कसं?"

"हो बाई," कोरीन म्हणाली. म्हणायला काय जातं!

सदतिसाव्या तासाला आर्मांड सीरची परीक्षा होती. गिरणीत चाळीस वर्षं घालवलेला, तोंडाचा फटकळ म्हातारा. उजवा हात झटक्यानं दुबळा झालेला, बायको मागेच गेलेली. सरावाच्या स्वयंपाकघरात एकट्यानं कॉफी आणि अंडं करून दाखवलं तर घरी जायचं, नाहीतर आश्रमाच्या तिसऱ्या मजल्यावर, कायमचं. तिसऱ्या मजल्यावरून चालत खाली आलेला माणूस गावात कुणी पाहिला नव्हता.

बाईंनी तिला सामान मांडायला सांगितलं. कॉफीची बरणी ओट्यावर ठेवता ठेवता तिनं झाकण हळूच फिरवून सैल केलं. विचार करून नव्हे हो, आपल्या म्हातारीला लोणच्याची बरणी देताना करतो तसं. मग हात खिशात घालून शहाण्यासारखी उभी राहिली.

म्हाताऱ्यानं झाकण काढलं, कॉफी केली, अंडं अर्धं करपवलं आणि दोन शिव्या हासडल्या. "बघितलंस का गं पोरी? गिरणीतला हात आहे हा!" बाईंनी कागदावर लिहिलं: बरण्या, बाटल्या उघडू शकतो. तो घरी गेला.

नवव्या दिवशी शेजारणीला तो जमिनीवर पडलेला सापडला. दुसरा झटका. रक्तदाबाच्या गोळ्यांची, दाबून फिरवायच्या झाकणाची बाटली तशीच बंद, झाकणावर दातांचे वळ. उघडत नाही हे शेजारणीला सांगायची त्याला लाज वाटली होती. बाईंच्या कागदात तशी नोंद नसती तर त्याला सहज उघडणाऱ्या साध्या डबीतून गोळ्या मिळाल्या असत्या.

कोरीन रडत बाईंकडे गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग तिचा फॉर्म ओढला आणि सही केली.

"बाई, अहो, कसली सही करताय?"

"सांगितलंस म्हणून. आमच्या कामात ही चूक एकदा होतेच. माझ्या हातून झाली तेव्हा ती पेशंट वाचली नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी कामावर आले." त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "त्याला मात्र तूच सांगायचं. ते जमलं तर कॉलेजात जा. नाही जमलं तर आपल्या दोघींचा वेळ फुकट घालवू नकोस."

तो गुरुवार होता. कोरीन तिसऱ्या मजल्यावर गेली. म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात उशीवर मेल्यासारखा पडलेला. तिला बघून मात्र डोळे चमकले.

"बरी आलीस. ह्या नर्सबायांना सांग जरा. मी एकदा केलंय म्हणजे पुन्हा करीन. तू होतीस ना तिथं?"

"होते, आजोबा."

"कुणी मदत केली होती का मला?"

तिच्या ओठांवर शब्द आले होते. एका वाक्याचं काम होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून तिचं काळीजच फाटलं.

"नाही आजोबा. तुम्ही एकट्यानं केलंत."

"ऐकलंत?" म्हातारा खोलीभर ओरडला. "घ्या परीक्षा!"

शुक्रवार आला आणि गेला. कॉलेजला तिनं काहीच कळवलं नाही. आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "ते काम आपलं नव्हे गं," आणि बदली मागून तिसऱ्या मजल्यावर कामाला लागली. आता रोज सकाळी ती आर्मांड सीरला लापशी भरवते. प्रत्येक घासामागे तो विचारतो, परीक्षा कधी?

"सोमवारी, आजोबा," कोरीन म्हणते, आणि त्याची हनुवटी पुसते.