हिरड्यांचा आजार

अडतिसाव्या वर्षी दात सरळ करून घ्यायला निघालेल्या माणसाने ती गोष्ट घरात सांगायची कशी? मी सांगितलीच नाही. सुरतेच्या डॉक्टरांनी दिलेला पारदर्शक प्लास्टिकचा साचा दातांवर चढवून मी पहिल्यांदा कोरीटला, आमच्या गावी, गेलो, तेव्हा आईने माझ्या बोलण्यातला फरक लगेच ओळखला. "जीभ काबर अडकी ऱ्हायनी तुन्ही?" तिने विचारलं. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. हिरड्यांचा आजार झालाय, दात हलायला लागलेत, हे औषध आहे, वर्षभर लावावं लागेल. वर वजन यावं म्हणून जोडून दिलं की जेवण सोडून तासभर जरी काढलं तरी दात ढिले होतात.

खरं कारण ओसरीत खाटेवर बसून ऐकत होतं. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, वरचे दात पुढे आहेत. ओठ मिटले तरी दोन दात बाहेर राहतात. तेच दात मला मिळाले. लहानपणी गावात अनोळखी म्हातारीसुद्धा मला बघून म्हणायची, "हाऊ त्यास्नाच पोऱ्या शे," आणि मला बरं वाटायचं. पुढे नंदुरबारला नोकरी लागली. ऑफिसातल्या एका निरोप समारंभाचा फोटो ग्रुपवर आला आणि कुणीतरी खाली लिहिलं, "साहेब, दात आत घ्या, फोटोत मावत नाहीत." मीही हसरा चेहरा पाठवून दिला. नंतर आठवडाभर आरशासमोर उभा राहत होतो. आरशात मला आबा दिसायचे आणि ते तिथे नको होते.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे कानबाई बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात आणि देवीच्या नावाने दळलेल्या गव्हाचा स्वयंपाक होतो, पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी. त्याला रोट म्हणतात. रोटाचे आमच्या घरचे नियम कडक. ते अन्न बाहेरच्या माणसाला द्यायचं नाही, आणि उष्टं-खरकटंही कुठे फेकायचं नाही. घरामागे खड्डा खणायचा, पत्रावळींसकट सगळं त्यात लोटायचं, अगदी हात धुतलेलं पाणीदेखील. वर माती ओढली की तो खड्डा पुन्हा उघडायचा नाही. हा खड्डा घरातला थोरला खणतो, म्हणजे आमचे आबा. फावड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

त्या वर्षी पंगतीत बसल्यावर लक्षात आलं की साच्याची डबी आत बॅगेत राहिली. उठलो असतो तर चुलतभावांनी चौकशी केली असती. म्हणून खाली मान घालून साचा काढला, कागदी रुमालात गुंडाळला आणि पत्रावळीच्या कडेखाली सरकवला. मग खिरीवर ताव मारला आणि विसरलो. वहिन्यांनी पत्रावळी उचलल्या, आबांनी माती ओढली. अर्ध्या-पाऊण तासाने आईनेच विचारलं, "तुन्हं दातनं औषध कोठे शे?"

माझा चेहरा बघूनच तिला कळलं. दोन मिनिटांत सगळ्या घराला कळलं.

"ऱ्हाऊ द्या, नंदुरबारले जुनं शे, ते लाई लिसू," मी म्हणालो. ते खरंही होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एखादा साचा हरवला तर आधीच्या पंधरवड्याचा चढवा, काही बिघडत नाही. पण तासाभराची धमकी मीच देऊन ठेवली होती आणि तास भरत आला होता. आबांनी भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं.

काका आडवे आले. "दादा, रोटना खड्डा उकरतस नही. आजलोंग कोनी उकरा नही."

"माले मालूम शे," आबा म्हणाले. "पन पोऱ्याना दात पडतीन ना."

आजार नाहीच, एवढं म्हटलं असतं तर ते थांबले असते. अंगणात पंचवीस-तीस भाऊबंद उभे होते, ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आबांनी वरची माती बाजूला केली, मग फावडं टाकून दिलं, प्लास्टिक फुटेल म्हणून. उकिडवे बसले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत खड्ड्यात घातले. ज्या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, तो सगळ्या भाऊबंदांच्या उष्ट्या पत्रावळी एकेक करून उलगडत होता. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "तू नको. पाप लागी. मी करस." मी मागे सरलो. खरंच सरलो.

साचा सापडला. त्यांनी तो नळाखाली तीनदा धुतला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला. "लाई ले बेगीन." सगळ्यांदेखत मी तो चढवला. मग आबा हातपाय धुऊन देवीसमोर गेले आणि जमिनीवर नाक घासत म्हणाले, "माय, चूक मन्ही शे. पोऱ्याले काही करू नको." खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. आमच्याकडे तो बापाच्या कपाळी बसला. त्या दिवशी संध्याकाळी ते जेवले नाहीत आणि मी आत बसून राहिलो.

पुढे सांगायची संधी नव्हती असं नाही. दर पंधरा दिवसांनी नवा साचा चढत होता, महिन्यातून एकदा तरी मी गावी जात होतो आणि दर वेळी आबा फोनवर विचारायचे तेच समोर विचारायचे, "आते हालतस का?" मी सांगायचो, कमी आहे. माझे दात एकेक करून मागे जात होते आणि आबांना वाटत होतं, ते घट्ट होताहेत.

पुढच्या कानबाईपर्यंत साचे संपले. पंगत बसायच्या आधी आबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि तोंड उघडायला लावलं. "दखा, एक बी दात हालत नही. मायनी ऐकं मन्हं." त्यांनी देवीपुढे नारळ ठेवलाही होता.

काका जवळ आले, चष्मा लावून बघू लागले. "घट्ट काय, लाइनमा बठी ग्यात," ते म्हणाले. "आते तुन्हासारखा दिखत नही दादा हाऊ."

सगळे हसले. आबाही हसले. मग त्यांनी माझे दात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नीट पाहिले, शेतातला बांध पाहावा तसे. हळूच विचारलं, "पहिले हालतच व्हतात ना रे?" मी खाली बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. "चला, पंगत बसाडा," म्हणाले आणि फावडं घेऊन खड्ड्याकडे गेले.

तेव्हापासून आबा माझ्यासमोर हसले की खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावतात. इतरांसमोर लावत नाहीत.