चोवीस निळे ड्रम

आयडिया माझीच होती, हे आधीच सांगून टाकते.

पर्यावरण विषयात बीएस्सी झाले आणि भिवंडीजवळच्या वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये तीन महिन्यांची इंटर्नशिप धरली. काम काय, तर कंपनी कचरा कसा कमी करते याचा रिपोर्ट लिहायचा. मागच्या शेडमध्ये चोवीस रिकामे निळे ड्रम पडले होते. म्हटलं, भंगारात कशाला, गावात वाटा. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं, ड्रम कुणाला नको असतो? साहेब खूश. "वा, शून्य कचरा!" मनात म्हटलं, कचरा शून्य, पगारही शून्य, जोडी जमली. पण फुगले होते मी. कामगारांनी लेबलं खरवडून ड्रम धुतले, टेम्पो खारबावच्या बाजूच्या गावांत फिरला आणि एक ड्रम मी हट्टानं आमच्या दारात उतरवला.

पंधरा दिवसांनी, दुपारी, रिपोर्टात टाकायला फोटो शोधत होते. लेबलं काढायच्या आधी ड्रमांसमोर दात काढून मी सेल्फी घेतला होता. तो मोठा केला. माझ्या कानाशेजारी कवटीचं चित्र. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, रिकामा झाला तरी यात पाणी किंवा खाण्याचं काही साठवू नये.

लगेच घरी वहिनीला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला, तरी नाही. उन्हाळा म्हणून ती बाळाला दुपारीही आंघोळ घालायची, आणि ही तीच वेळ होती.

स्कूटी काढली. भिवंडीच्या ट्रॅफिकला त्या दिवशी घातलेल्या शिव्या आईनं ऐकल्या असत्या, तर थोबाडच फोडलं असतं. कंटेनरमागे अडकले की रडू फुटायचं. देवा, आज तरी तिनं कंटाळा केलेला असू दे, एवढंच म्हणत होते.

कसला कंटाळा! दारात वहिनी पाय पसरून बसलेली, पायांवर बाळ पालथं, हातात तांब्या.

"टाक तो तांब्या!" मी किंचाळले. बाळ दचकून रडायला लागलं. त्याच्या पाठीवर लाल चट्टे होते.

"घामोळं हाय गो," वहिनी म्हणाली. "चार दिवस झाले. तुला काय झालं?"

"कधी प्यायलाही हेच पाणी घेतलंत का?" मी ड्रमकडे बोट दाखवलं.

"न्हाय, प्यायचं हंड्यात. ह्यातलं फक्त भांड्यांना आन ह्याला."

डॉक्टर म्हणाले, घामोळं असेल, नसेलही. ड्रममध्ये काय होतं? त्यांनी विचारलं. साहेबांना फोन केला, तर म्हणाले, "माल पार्टीचा, आपण नुसता ठेवतो." मी तरी कुठं विचारलं होतं? वस्तू पुन्हा वापरली की झालं, एवढंच मी कॉलेजातून घेऊन आले होते. आधी तिच्यात काय होतं आणि आता ते कुणाच्या अंगावर जाणार, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

बाळाचे चट्टे आठ दिवसांत गेले. पण बाकीच्या तेवीस घरांतही बाळं असणारच की! आणि ती घरं कोणती, ते मला माहीत नव्हतं. रिपोर्टात मी 'गावकरी, चोवीस' एवढंच लिहिलं होतं. रिपोर्टाला नावं कशाला लागतात!

मग इंटर्नशिप गेली खड्ड्यात. टेम्पोवाल्याला मागे बसवून गावोगाव हिंडले. लोक हसायचे. "दिलेला परत मागतेस? इतक्या दिसांत कुनाला काय झालं न्हाय." मी हात जोडायचे, भांडायचे, फोटो दाखवायचे. आमचा धरून एकवीस मिळाले. सगळ्यांच्या बुडाला भोकं पाडली. तीन मिळाले नाहीत.

परवा मैत्रिणीच्या हळदीला गेले होते. शेजारच्या घरी आम्हाला टेकायला बसवलं. म्हातारीनं पाण्याचा पेला हातात दिला. मी दोन घोट घेतले आणि पडवीच्या कोपऱ्यात नजर गेली. निळा ड्रम होता.

"आजी, हा कुठून आणला?"

"फुकाट मिळाला गो. गोडाऊनच्या एका शिकलेल्या पोरीनं वाटलं." म्हातारीनं हात जोडले. "देव तिचं भलं करो."