माझ्यातला डॉल्फिन

मला बुडताना वाचवलं ते शेजारच्या मॉरीनबाईंनी, आणि त्यासाठी त्यांना पाण्यात हातसुद्धा घालावा लागला नाही.

आता मी बुडतच का होते, ते सांगते.

आमच्या ह्यांच्या वेअरहाउसमध्ये एक फोर्कलिफ्टवाले आहेत. ते सहकुटुंब स्पेनच्या कुठल्याशा बेटावर जाऊन आले आणि येताना एक फोटो घेऊन आले. फोटोत एक डॉल्फिन त्यांच्या बायकोच्या गालाचा मुका घेतोय! तो फोटो पाहिल्यापासून ह्यांना इथे इंग्लंडात, आमच्या स्लाऊ गावात झोप लागेना.

"आपणही जायचं सईच्या हाफ टर्मच्या सुट्टीत," हे म्हणाले. "डॉल्फिनबरोबर पोहायचं. तो मुका घेतो आणि लगेच फोटो काढून देतात. हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावू!"

"अहो, लग्नाला पंधरा वर्षं झाली, चारचौघांत तुम्ही कधी माझा हात धरला नाहीत," मी म्हटलं, "आणि तो मासा येऊन थेट..."

"मासा नाही आई, मॅमल!" सई म्हणाली. सई आमची मुलगी. वय दहा, जन्म इथला, बोलणं हेडमिस्ट्रेससारखं. "आणि मी नाही येणार. डॉल्फिनला समुद्रात केवढी जागा लागते! तिथे त्याला टँकमध्ये ठेवतात. तो नुसता राउंड राउंड फिरतो. दिवसभर लोक त्याला पकडून हग करतात. त्याला कोणी विचारलं का, तुला आवडतं का म्हणून?"

"अगं, आवडत असणारच! फोटो बघ ना, कसा हसतोय!"

"बाबा, तो हसत नाही! त्याची फेसच तशी असते. तो सिक असला तरी तशीच दिसते!"

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी हसले.

मला तेवढंच येतं. माझी शाळा आठवीत सुटली, लग्न होऊन परक्या देशात आले, आणि इंग्रजी समजो न समजो, हसलं की काम होतं हे पहिल्या आठवड्यातच कळलं. क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात मी हसले. पॅकिंगच्या कामावर सुपरवायझर ओरडला, तेव्हा हसून 'सॉरी' म्हटलं. डेंटिस्टने दाढ उपटली, तेव्हा तोंडात बोळा असताना हसून 'थँक यू' म्हटलं. (ते त्याला 'हॅम्म्यू' असं ऐकू गेलं असणार, पण भावना पोचल्या.) त्यामुळे डॉल्फिनच्या बाबतीत मी हसले याचा अर्थ ह्यांनी 'हो' असा घेतला आणि बुकिंग करून टाकलं. सई दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

बुकिंग झाल्यावर कळलं की डॉल्फिनच्या तलावात उतरायचं तर खोल पाण्याची सवय हवी. ह्यांना होती, हे विहिरीत पोहायला शिकलेले. पण मी माण तालुक्यातली. आमच्याकडे बुडायचं झालं तर आधी टँकर मागवावा लागतो!

"काळजी करू नकोस, लव्ह," मॉरीनबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. सत्तरीच्या बाई, पण दर रविवारी सकाळी स्पोर्ट्स सेंटरच्या पूलमध्ये अशा पोहतात की मांजरसुद्धा पाण्याचं भय सोडेल. "माझ्याबरोबर चल. मी शिकवते."

मी आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "गार पाण्यात जायच्या आधी अंगाला तेल चोळ गं बाई. छातीत सर्दी भरेल."

रविवारी सकाळी खोबरेल तेलाची बाटली बघितली तर तेल गोठून दगड! ती रेडिएटरवर ठेवली आणि चांगलं पातळ झालेलं तेल डोक्यापासून तळपायापर्यंत चोळलं. वर मॉरीनबाईंनी आणून दिलेला पूर्ण अंगाचा पोहायचा पोशाख घातला. करड्या रंगाचा, चकचकीत. आरशात पाहिलं तर मी इतकी चमकत होते की दिवा लावायची गरज नव्हती. पूलमध्ये उतरण्याआधी शॉवर घ्यायचा नियम होता. घेतला की! पण खोबरेल तेलापुढे शॉवरचं काय चालणार! पाणी आलं तसं घरंगळून गेलं.

हे आणि सईही बरोबर आले होते; सई बाकावर बसली, हे पोहायचा पोशाख घालून काठावर उभे. मॉरीनबाई काठावर बसून टोपीत केस कोंबत होत्या. "मी आलेच, तू पायऱ्यांवर थांब," त्या म्हणाल्या. मी थांबणारच होते, पण तेलकट तळवे थांबायला तयार नव्हते. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तो दुसऱ्या पायरीला न विचारता सरळ पुढे गेला आणि मी पाण्यात आडवी!

नाकात पाणी, कानात पाणी, डोळ्यांसमोर माहेर. काठावर पिवळ्या टी-शर्टातली लाइफगार्ड मुलगी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, काय सांगू, हसले! सवयच ती. वर "थँक यू" म्हणाले. तिला वाटलं, बाई मजेत आहे. तिने अंगठा वर केला. मीही बुडता बुडता अंगठा वर केला. न करणं बरं दिसत नाही.

एवढ्यात हे ओरडले, "अगं ए! बुडतेयस की पोहतेयस?" आणि उत्तराची वाट न बघता विहिरीत मारतात तसा मुटका मारला. विहीर तीस फूट खोल असते, हा पूल तसा नव्हता. ह्यांची बैठक थेट फरशीवर टेकली. कळवळत उठून ह्यांनी माझा दंड धरला, तर मी साबणाच्या वडीसारखी सुळकन निसटले! मग लाइफगार्ड उतरली. तिने मला बगलेत धरलं, मी तिच्या कुशीतून रॉकेटसारखी पुढे! पलीकडे लहान मुलांचा क्लास चालला होता. मुलं टाळ्या वाजवू लागली. एक म्हणालं, "अगेन!"

"सॉरी... थँक यू... सॉरी..." मी बुडबुडत होते.

तेव्हा काठावरून मॉरीनबाईंचा आवाज आला. शांत, भाजीत मीठ टाक म्हणावं तसा.

"स्टँड अप, लव्ह."

मी उभी राहिले.

पाणी माझ्या कमरेपर्यंत होतं.

भोवती पाण्यावर तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग पसरला होता. (त्यामुळे तो पूल उरलेला दिवसभर बंद ठेवावा लागला. मी प्रत्येकाला दोनदा सॉरी म्हणाले.)

सई बाकावर रडत बसली होती. मी टॉवेल गुंडाळून जवळ गेले तशी गळ्यात पडली, आणि निसटली, आणि पुन्हा पडली.

"आई, तू स्माइल करत होतीस! मला वाटलं तुला मज्जा येते!"

"नाही गं राणी," मी म्हटलं. "माझी फेसच तशी आहे."

हे आपली कंबर चोळत बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सईकडे, मग खाली बघून पोशाखातलं पाणी पिळायला लागले. घरी येताना बसमध्ये मी म्हणाले, "अहो, मला नाही जायचं त्या डॉल्फिनकडे. त्यालाही मी नको असेन." पंधरा वर्षांत ह्यांना म्हटलेलं हे माझं पहिलं 'नाही'. स्वतःचं स्वतःलाच दचकायला झालं.

"बरं," हे म्हणाले. ह्यांना बसायला त्रास होत होता म्हणून उभ्यानेच म्हणाले.

हाफ टर्मला आम्ही वेल्सच्या किनाऱ्यावर गेलो, मॉरीनबाईंना घेऊन. टेकडीवर बसून थर्मासमधला चहा प्यायलो आणि दूर समुद्रात मोकळे डॉल्फिन पाहिले. म्हणजे सईने पाहिले. ह्यांनी फोटो काढला, तो टीव्हीच्या वर लावलाय. आल्या-गेल्याला हे बोट ठेवून दाखवतात, "हा बघा डॉल्फिन!" तो ठिपका काचेवरचा आहे हे मला माहीत आहे, पण मी हसते.

मॉरीनबाईंचे उपकार मात्र मी ठेवून घेणार नाही. आता दर रविवारी (तेल न लावता) त्यांच्याबरोबर पोहायला जाते. कधीतरी त्या बुडायला लागतील, तेव्हा मी त्यांना वाचवणार म्हणजे वाचवणार! फक्त तोवर त्यांनी कृपा करून कमरेइतक्या पाण्यातच बुडावं. 'उभ्या राहा' इथपर्यंत माझं शिक्षण झालेलं आहे.